सही एकटीची, बँड सगळ्यांचा

पॅरामोर या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम जुलै २००५ मध्ये आला. नव्या बँडच्या पहिल्या मुखपृष्ठावर सहसा केस विस्कटलेली चार-पाच पोरं कॅमेऱ्याकडे रोखून बघत उभी असतात. इथे मात्र एक लाल सोफा आहे, रिकामा, आणि कुणीतरी चालत निघून जात असल्याची सावली. अल्बमचं नाव ‘ऑल वी नो इज फॉलिंग’. झालं होतं असं, की ही मंडळी रेकॉर्डिंगसाठी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला पोचली आणि थोड्याच दिवसांत बेस वाजवणारा जेरेमी डेव्हिस बँड सोडून घरी गेला. उरलेल्यांनी त्याच्या जाण्यावरच गाणं लिहिलं आणि त्याची रिकामी जागा मुखपृष्ठावर छापली.

पुढे येण्याजाण्याचा हा सिलसिला थांबलाच नाही. २०२३ मध्ये सहावा अल्बम आला तेव्हा चाहत्यांना विशेष वाटलं ते याचं, की मागच्या अल्बममधले तिघे या अल्बममध्येही आहेत. असं त्या बँडच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

आता भांडणं कुठल्या बँडमध्ये होत नाहीत? विशीतली पोरं वर्षातले आठ-आठ महिने एका गाडीत कोंबली की कुरबुरी व्हायच्याच. पॅरामोरची गोष्ट वेगळी वाटते ती या कुरबुरींच्या बुडाशी असलेल्या एका कागदामुळे. तो कागद म्हणजे गायिका हेली विल्यम्सने शाळकरी वयात रेकॉर्ड कंपनीशी केलेला करार. त्यावर सही तिची एकटीची होती. त्यामुळे या बँडमधून कोण कधी गेलं याची नुसती यादी वाचून काही हाती लागत नाही. गाण्याच्या धंद्यात पैसा कुठून येतो आणि कुणाकडे जातो हे सोबत ठेवलं की मात्र सगळं बरंच स्पष्ट दिसतं.

पॅरामोरचं सुरुवातीचं संगीत पॉप पंक प्रकारातलं, म्हणून आधी त्याबद्दल थोडं. सत्तरच्या दशकातल्या पंकचा, म्हणजे बंडखोर रॉक संगीताचा, वेग आणि धसमुसळेपणा घ्यायचा, गिटारवर तीन-चार कॉर्ड पुरवून वापरायचे, ड्रम सुसाट सोडायचे. पण वर चाल अशी बांधायची की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्यापासून सोबत ओरडता यावं. विषय म्हणजे शाळा, कंटाळवाणं गाव, प्रेमभंग, घरच्यांशी खटके. १९९४ मध्ये ग्रीन डेच्या ‘डूकी’ने हा प्रकार घराघरांत नेला. (तोच ग्रीन डे मार्च २०२५ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला.) २००० नंतर अमेरिकेत असे बँड पैशाला पासरी झाले, आणि त्यात गाणारा जवळपास नेहमी मुलगाच असायचा.

चौदा-पंधराव्या वर्षीचा करार

हेली मूळची मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियनची. २००२ मध्ये ती आईबरोबर टेनेसीतल्या फ्रँकलिनला आली. नॅशव्हिल हे अमेरिकन संगीताच्या धंद्याचं मोठं केंद्र इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाणं, स्टुडिओ, मॅनेजर हे शब्द तिथल्या हवेतच असतात. शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात तिला जॉश आणि झॅक हे फॅरो बंधू भेटले. जॉश गिटार वाजवायचा, झॅक ड्रम. जेरेमीशी ओळख आधीच होती. दोघं एका फंक बँडमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवत. टेलर यॉर्क हा आणखी एक गिटारवाला दोस्त याच कंपूतला. त्याचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

२००४ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा झॅक चौदा वर्षांचा होता. पण त्याआधीच, २००३ च्या सुमारास, हेलीचा आवाज मॅनेजर मंडळींच्या मार्फत अटलांटिक रेकॉर्ड्सपर्यंत पोचला होता. कंपनीला हवी होती एकटी पॉप गायिका. अ‍ॅव्हरिल लव्हिनचा पहिला अल्बम नुकताच तुफान चालला होता, तेव्हा कंपनीच्या डोळ्यांपुढे काय चित्र असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. हेली अडून बसली. गाईन तर माझ्या दोस्तांबरोबर, बँडमध्ये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने एवढ्या मोठ्या कंपनीपुढे असा हट्ट धरावा आणि तो मान्य व्हावा, हे मला आजही नवलाचं वाटतं.

हट्ट मान्य झाला, पण अर्धाच. बँड करा, बँडच्या नावाने अल्बम काढा, सगळं कबूल. करार मात्र हेलीशी, आणि तिच्याशीच. बाकीची मुलं कंपनीच्या हिशेबी कुणीच नव्हती. त्यांना जे मिळणार ते हेलीच्या वाट्यातून, हेलीच्या मार्फत.

आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांत मालक कोण, भागीदार कोण आणि पगारी नट कोण, हे पडदा ओढणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक असे. इथे पाच दोस्त एका गाडीतून फिरत होते, एकाच स्टेजवर घाम गाळत होते, पोस्टरवर पाचही चेहरे सारख्या आकाराचे होते, आणि त्यातली एक कागदोपत्री मालकीण होती. तिला स्वतःला ते नको असलं तरी.

हा करार आणखी एका अर्थाने वेगळा होता. इंग्रजीत त्याला ‘थ्री-सिक्स्टी डील’ म्हणतात, म्हणजे कलाकाराच्या कमाईच्या चहूबाजूंनी हिस्सा घेणारा करार. पूर्वी रेकॉर्ड कंपनी फक्त रेकॉर्डिंगवर कमवायची. कॅसेट, सीडी विकली की त्यातला मोठा वाटा तिचा आणि थोडा कलाकाराचा. कार्यक्रमाची तिकिटं, टीशर्ट, जाहिराती यांचा पैसा कलाकाराचा स्वतःचा. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं, गाणी फुकटात इकडून तिकडे फिरू लागली आणि सीडीची विक्री घसरत गेली. कंपन्यांनी मग नवा हिशेब मांडला. आम्ही तुमच्यावर पैसे लावतो, पहिला अल्बम पडला तरी लगेच हाकलत नाही, गाडीखर्च देतो. बदल्यात तिकिटं आणि टीशर्टातूनही आम्हाला वाटा द्या. २००२ मध्ये ब्रिटिश गायक रॉबी विल्यम्सने ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी केलेला करार याचा गाजलेला सुरुवातीचा नमुना. रॉबी तेव्हा बडा स्टार होता. नवख्या कलाकारावर हा प्रयोग करून तो यशस्वी झाल्याचं उदाहरण द्यायचं झालं की पॅरामोरचं नाव हमखास निघतं.

हा करार वाईटच होता असं नाही म्हणता येणार. पहिल्या अल्बमने फार दिवे लावले नव्हते. जुन्या पद्धतीत अशा बँडला तिथेच नारळ मिळाला असता. इथे कंपनीने धीर धरला आणि बँडला गावोगाव वाजवू दिलं. २००५ च्या वॉर्प्ड टूरमध्ये, म्हणजे उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शहरांमागून शहरं घेत जाणाऱ्या पंक महोत्सवात, त्यांना मुख्य स्टेज मिळालंच नव्हतं. बायकांच्या बँडना जागा मिळावी म्हणून चालवलेल्या एका छोट्या स्टेजवर ते वाजवायचे.

अटलांटिकने आणखी एक हुशारी केली. अल्बमवर स्वतःचं नाव ठळक न करता तो ‘फ्यूल्ड बाय रामेन’ या फ्लोरिडात जन्मलेल्या लहान लेबलाच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, नावाने काढला. पंक ऐकणाऱ्यांना बड्या कंपनीचा वास आला की ते नाक मुरडतात. फॉल आउट बॉयसारखे बँड त्याच लेबलने पुढे आणले असल्यामुळे पॅरामोर आपल्यातलेच वाटले. पैसा आणि करार मात्र अटलांटिकचाच.

कोण आलं, कोण गेलं

जेरेमी पाचेक महिन्यांत परतला. त्याच्या जागी आलेला जॉन हेम्ब्री निघून गेला. दुसरा गिटारवाला जेसन बायनम २००५ च्या अखेरीस गेला, त्याच्या जागी हंटर लॅम्ब आला, तोही २००७ च्या सुरुवातीला गेला. हे बदल किरकोळ होते, कारण गाणी लिहिणारी जोडी शाबूत होती: शब्द हेलीचे, गिटार आणि चालीचा बराचसा भाग जॉशचा.

जून २००७ मध्ये ‘रायट!’ आला आणि ‘मिझरी बिझनेस’ या गाण्याने बँडचं नशीब पालटलं. सोळा वर्षांच्या झॅकचे ड्रम ऐका. पोरगं जिवावर उदार होऊन वाजवतंय. कार्यक्रमात या गाण्याच्या शेवटी प्रेक्षकांतल्या कुणाला तरी वर बोलवायचं आणि त्याच्या हाती माईक द्यायचा, ही प्रथा याच गाण्याला चिकटली. याच अल्बमवर ‘दॅट्स व्हॉट यू गेट’ नावाचं गाणं आहे. त्याच्या लेखकांत हेली आणि जॉशबरोबर टेलर यॉर्कचं नाव आहे. गंमत अशी, की अल्बम तयार होत होता तेव्हा टेलर बँडमध्ये नव्हताच. तो २००७ मध्ये कार्यक्रमांपुरता वाजवायला लागला आणि अधिकृत सदस्य झाला थेट २००९ मध्ये. बँडचा सदस्य असणं आणि गाण्याचा लेखक असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हे पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

यश आलं आणि कागद टोचायला लागला. मासिकांच्या मुखपृष्ठांवर हेली एकटी. मुलाखतीत प्रश्न तिला एकटीला. नारिंगी केस, एवढासा जीव आणि त्यातून निघणारा तो आवाज, त्यामुळे कॅमेरा तिच्यावरच ठरणार हेही स्वाभाविक. २००८ च्या फेब्रुवारीत अंतर्गत कुरबुरींमुळे युरोपचा दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. २००९ चा ‘ब्रँड न्यू आइज’ हा अल्बम तर या ताणाचाच अल्बम आहे. ‘इग्नोरन्स’ हे त्यातलं सगळ्यांत आधी प्रसिद्ध झालेलं गाणं बँडमधल्या बिघडलेल्या नात्यांवर आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय तेच मागे उभे राहून ते वाजवतायत. मला हा त्यांचा सर्वांत धारदार अल्बम वाटतो. गिटार इतके जोरकस पुन्हा कधी वाजले नाहीत.

डिसेंबर २०१० मध्ये फॅरो बंधू बाहेर पडल्याचं जाहीर झालं. काही दिवसांतच जॉशने ब्लॉगवर लांबलचक निवेदन टाकलं. त्याचा रोख असा: हा बँड म्हणजे बड्या कंपनीने घडवलेला माल आहे, करार फक्त हेलीशी आहे, आम्हाला तिच्या एकटीच्या स्वप्नामागून फरफटत नेल्यासारखं वागवलं गेलं. काही गाण्यांचे शब्द आपल्या ख्रिस्ती श्रद्धेला पटत नसल्याचाही उल्लेख त्यात होता.

जॉशच्या म्हणण्यात एक गोष्ट पूर्ण खरी होती: करार. ती लपवलेलीही नव्हती. उरलेल्या तिघांनी नंतरच्या मुलाखतीत ते सरळ मान्य केलं. पण ‘घडवलेला माल’ हा आरोप मला पटत नाही. कंपनीच्या मनासारखं झालं असतं तर हा बँड जन्मालाच आला नसता. हेलीने कंपनीशी भांडून जे मिळवलं ते म्हणजे हीच मुलं. मात्र त्या भांडणात तिने कागद बदलून घेतला नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला ते सुचावं अशी अपेक्षा करणंही चूकच.

‘पॅरामोर इज अ बँड’ असं छापलेले टीशर्टही निघाले. पॅरामोर हा बँड आहे, एकट्या बाईचं नाव नव्हे. टीशर्टवर छापून सांगावं लागलं, यावरून दुखणं कुठे होतं ते कळतं.

पैशाचे चार नळ

उरले तिघे: हेली, जेरेमी, टेलर. गाणी कोण लिहिणार हा मोठा प्रश्न होता, कारण जॉश गेला होता. ती जागा टेलरने भरली आणि बँडचा आवाजच बदलला. जॉशची गिटार भिंतीसारखी सलग उभी राहायची. टेलर छोटे छोटे तुकडे एकमेकांत गुंफतो, मध्ये मोकळी जागा सोडतो. २०१३ मध्ये आलेल्या अल्बमचं नाव नुसतं ‘पॅरामोर’. ड्रमवर नाइन इंच नेल्स या बँडचा इलान रुबिन, तोही या अल्बमपुरता. सतरा गाणी, मध्ये मध्ये युकुलेलेवर हलक्याफुलक्या छोट्या रचना, आणि ‘एन्ट इट फन’च्या शेवटी चर्चमधल्यासारखा कोरस. अमेरिकेत त्यांचा हा पहिला अव्वल क्रमांकाचा अल्बम. ‘एन्ट इट फन’ बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दहाव्या क्रमांकावर गेलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं.

आता इथे जरा थांबू. ग्रॅमीत हा विशिष्ट पुरस्कार गाणं लिहिणाऱ्याला मिळतो, बँडला नव्हे. गाण्यावर नावं होती हेली विल्यम्स आणि टेलर यॉर्क. जेरेमी बँडमध्ये होता, त्या गाण्यातला बेस त्याचाच, पण ग्रॅमी त्याचं नव्हतं.

बँडकडे पैसा साधारण चार नळांतून येतो. पहिला नळ रेकॉर्डिंगचा: गाणं विकलं गेलं, स्ट्रीम झालं की कंपनी आपला खर्च वसूल करून करारातल्या माणसाला वाटा देते. दुसरा गीतलेखनाचा: शब्द आणि चाल ज्यांच्या नावावर, त्यांना गाणं वाजेल तिथून मानधन, मग ते बँडमध्ये असोत वा नसोत. तिसरा कार्यक्रमांचा, चौथा टीशर्ट-टोप्या वगैरे मालाचा. याशिवाय बँडच्या नावाची मालकी हा वेगळाच मुद्दा. पॅरामोरमध्ये पहिला नळ हेलीच्या अंगणात. दुसरा हेली-जॉश आणि नंतर हेली-टेलर यांच्यात. तिसऱ्या-चौथ्यातून कंपनीचा वाटा वजा जाऊन जे उरेल ते बँडमध्ये वाटायचं. बेस वाजवणाऱ्याच्या हाती मुख्यतः हे शेवटचे दोन नळ, आणि त्यांची तोटी दुसऱ्याच्या हातात.

डिसेंबर २०१५ मध्ये जेरेमी दुसऱ्यांदा बाहेर पडला. या वेळी मुखपृष्ठावर सोफा नव्हता, नॅशव्हिलचं कोर्ट होतं. २०१६ च्या सुरुवातीला हेलीच्या स्वतःच्या कंपनीने दावा दाखल केला: जेरेमी हा आमचा नोकर होता, भागीदार नव्हे, हे कोर्टाने जाहीर करावं. जेरेमीचं म्हणणं उलट: मी नफ्यात वाटा घेत होतो, बँडचा चेहरा म्हणून वावरत होतो, म्हणजे मी हेलीचा धंद्यातला भागीदार.

जेरेमीच्या बाजूला कायदेशीर वजन नव्हतं असं नाही. अमेरिकन कायद्यात भागीदारीसाठी लेखी करार असलाच पाहिजे असं नाही. दोन माणसं मालकासारखी एकत्र धंदा करत असतील आणि नफा वाटून घेत असतील, तर तोंडी व्यवहारातूनही भागीदारी झाली असं मानता येतं. पण तोच पैसा पगार म्हणून दिला असेल तर ते लागू होत नाही. म्हणजे वाद आला कुठे? दर दौऱ्यानंतर जेरेमीच्या खात्यात जमा होणारी रक्कम ही वाटणी होती की पगार. हेलीच्या बाजूने मांडलं गेलं ते असं, की करार तिचा एकटीचा, तरी बँडमध्ये एकोपा राहावा म्हणून तिने आपल्या कमाईतला हिस्सा स्वखुशीने बाकीच्यांना दिला.

यात एक बोचरी गोष्ट आहे. इतकी वर्षं ‘पॅरामोर हा बँड आहे’ असं जगाला सांगितल्यावर कोर्टात नेमकं उलट सिद्ध करायची वेळ आली. हेलीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण भागीदारी मान्य केली असती तर बारा वर्षांचा सगळा हिशेब उकरावा लागला असता, शिवाय कंपनीची सगळी देणी आणि अटी तिच्या एकटीच्या मानेवर होत्या त्या होत्याच. वकील असा सल्ला देणारच. मैत्रीचं काय व्हायचं ते झालं. मे २०१७ मध्ये दोघांनी कोर्टाबाहेर तडजोड केली.

परत आलेला ड्रमर

या सगळ्यात बँड संपल्यातच जमा होता. आपणही सोडून द्यावं असं तेव्हा वाटलं होतं, हे हेलीने नंतर मुलाखतींत सांगितलंय. आणि मग आला कोण, तर झॅक फॅरो. जॉशचा धाकटा भाऊ, २०१० मध्ये त्याच्याबरोबर बाहेर पडलेला. मधल्या काळात तो ‘हाफनॉइज’ या नावाने स्वतःची गाणी करत होता. २०१६ मध्ये नव्या अल्बमचे ड्रम वाजवायला म्हणून तो स्टुडिओत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये रीतसर सदस्य झाला. जॉश आला नाही.

मे २०१७ मधला ‘आफ्टर लाफ्टर’ ऐकला तर पहिल्या झटक्यात बँड चुकला की काय असं वाटेल. पॉप पंकचा मागमूस नाही. ऐंशीच्या दशकातला उजळ, नाचरा आवाज आणि शब्द मात्र खचलेल्या माणसाचे. ‘हार्ड टाइम्स’मध्ये झॅक किती कमी वाजवतो ते ‘मिझरी बिझनेस’च्या शेजारी ठेवून ऐका. हात तोच आहे, पण मधल्या दहा वर्षांत त्याला थांबायचं कुठे ते कळलंय. बँडमधली माणसं बदलली की गाणं कसं बदलतं, याचा धडा या दोन गाण्यांत बसतो.

‘मिझरी बिझनेस’चंही पुढे रामायण झालं. त्यात दुसऱ्या मुलीला हिणवणारा एक शब्द आहे, सतरा-अठराव्या वर्षीच्या मत्सरातून आलेला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये हेलीने जाहीर केलं की आता हे गाणं काही काळ स्टेजवर वाजणार नाही. चार वर्षांनी, २०२२ मध्ये, पॉप गायिका बिली आयलिशने कोचेला महोत्सवात हेलीला बोलावून तेच गाणं तिच्याबरोबर गायलं आणि त्या वर्षीच्या दौऱ्यात बँडनेही ते परत आणलं.

मधल्या काळात, २०२१ मध्ये, अमेरिकन गायिका ऑलिव्हिया रॉड्रिगोचं ‘गुड फोर यू’ जगभर गाजलं. ते ‘मिझरी बिझनेस’ची आठवण करून देतं अशी चर्चा झाली आणि गाण्याच्या लेखकांत मागाहून दोन नावं जोडली गेली: हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो. जॉशला बँड सोडून दहा वर्षं उलटून गेली होती. ज्या करारावर त्याची सही नव्हती त्याने त्याला काही दिलं नाही. पण गाणं त्याने लिहिलं होतं, आणि ती मालकी बँड सोडली म्हणून जात नाही. बँड सुरू करणाऱ्या पोरांना कुणी एकच सल्ला देणार असेल तर तो हा द्यावा: गाण्यावर नाव कुणाचं, हे स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी लिहून ठेवा.

अलीकडच्या दौऱ्यांत स्टेजवर पॅरामोर सहा-सात जण दिसायचे. टेलरचा भाऊ जस्टिन यॉर्कने बरीच वर्षं दौऱ्यांत गिटार वाजवली, बेसवर जोई हाउवर्ड असायचा. पण बँड म्हणजे तिघेच: हेली, टेलर, झॅक. बाकीचे दौऱ्यापुरते वाजवणारे, आणि तसं ते उघड सांगितलेलं आहे. २००५ मध्ये जे धूसर होतं ते आता सगळ्यांना माहीत असतं, यातच अर्धी भांडणं मिटतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘धिस इज व्हाय’ आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. बाई गाते अशा बँडला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळत होता. पण त्याआधीच, २०२३ च्या डिसेंबरात, बँडची वेबसाइट आणि सोशल मीडियाची पानं अचानक कोरी झाली. चाहत्यांत घबराट पसरली, बँड फुटला अशा वावड्या उठल्या. बँड शाबूत होता. अटलांटिकशी वीसेक वर्षांपूर्वी झालेला करार संपला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात ते युरोपात टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमांआधी वाजवत होते, आणि तोवर त्यांच्यावर कुठल्याच कंपनीचा हक्क उरला नव्हता.

२०२५ च्या जुलैच्या अखेरीस हेलीने सतरा नवी एकल गाणी आपल्या वेबसाइटवर टाकली. ऐकायला एक कोड लागत होता, आणि तो मिळत होता केसांचे रंग विकणाऱ्या तिच्याच कंपनीच्या ग्राहकांना. ऑगस्टमध्ये ती गाणी रीतसर प्रकाशित झाली तीही तिच्या स्वतःच्या लेबलकडून. लेबलचं नाव तिने ठेवलंय ‘पोस्ट अटलांटिक’.